गोऱ्या साहेबाने नेटमध्येच ओळखलं, पण या बोलरला कप्तानी कधीच मिळाली नाही

शनिवार-रविवारी सकाळी बोरिवली किंवा अंधेरीहून चर्चगेटची लोकल पकडली की डब्यात पाठीवर किटबॅग अडकवलेली पोरं हमखास दिसतात. कुणाची मॅच असते, तर कुणाची ट्रायल. ट्रायलला गेलेल्या बोलरच्या वाट्याला मोजकेच बॉल येतात. तेवढ्यात बघणाऱ्याने ठरवायचं असतं की हा पोरगा पुढे जाणार की नाही. अमेरिकेत कॉलेजच्या बेसबॉल पिचरचंही तसंच. तिथे स्काउट स्पीड गन घेऊन बसतात आणि हा व्यावसायिक लीगमध्ये टिकेल का याचा अंदाज बांधतात.

पण बोलर चांगला आहे हे सगळ्यांना कळलं, तरी त्याला टीममध्ये जागा मिळतेच असं नाही. भारतीय क्रिकेटमध्ये याचं सगळ्यात जुनं आणि ठसठशीत उदाहरण म्हणजे पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा. चांभार समाजातलं कुटुंब. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. ना कोच, ना अकादमी.

पहिली नोकरी मिळाली ती पुण्यातल्या एका पारशी क्लबमध्ये. मैदान झाडायचं, पिचवर रोलर फिरवायचा आणि मेंबरांना जमेल तसे बॉल टाकायचे. पगार महिना 3 रुपये. पुढे 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये लागले. पगार 4 रुपये झाला. काम तेच होतं, फक्त नेट लावणं आणि टेनिस कोर्ट आखणं त्यात वाढलं.

इथेच त्यांची खरी ट्रायल झाली. ती एका दिवसाची नव्हती, काही वर्षं चालली.

क्लबमध्ये जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. त्या काळात भारतातल्या सर्वोत्तम गोऱ्या बॅट्समनमध्ये त्याचं नाव घेतलं जायचं. असं सांगतात की तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा, फक्त बाळूंच्या बोलिंगवर सराव करायला. आऊट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, असाही किस्सा आहे. तो खरा असेल, तर आठ वेळा ग्रेगला आऊट केलं की महिन्याचा पगार वसूल.

बाळू डावखुरे स्पिनर होते. सहज ॲक्शन, बॉल दोन्ही बाजूंना वळवण्याची ताकद, फ्लाइट आणि वेगात सतत बदल, आणि दिवसभर न थकता बोलिंग करण्याचा दम. बोलर जोखताना आजही याच गोष्टी बघतात. बाळूंच्या बाबतीत त्या ग्रेगसारख्या कसलेल्या बॅट्समनसमोर तासनतास तपासल्या गेल्या. पण पूना क्लबच्या नेटमध्ये त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही, असं सांगितलं जातं. बॅटिंग साहेबांची, बोलिंग नोकरांची, असाच तिथला हिशोब होता.

याच काळात पुण्यातल्या हिंदू क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. शहरातला सगळ्यात चांगला बोलर समोर होता, पण टीममध्ये ब्राह्मण खेळाडू होते आणि बाळू अस्पृश्य मानले जाणाऱ्या जातीतले. त्यांना घ्यायचं की नाही, यावरून वाद झाला. असा बोलर बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असं मत खुद्द ग्रेगने मांडलं होतं. शेवटी जिंकायची इच्छा भारी पडली आणि बाळूंना टीममध्ये घेतलं गेलं.

पण अटी होत्या. मैदानावर तोच बॉल सगळे हाताळायचे, मात्र चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. चहा मातीच्या भांड्यात, जेवणाचं ताट वेगळं. बाळूंनी विकेट काढल्या, टीम जिंकायला लागली, तसा हा विटाळ हळूहळू सैल झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी त्यांचा जाहीर गौरव केल्याच्या नोंदी आहेत.

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांवरची बंदी जॅकी रॉबिन्सनने मोडली ती 1947 मध्ये. पुण्यात बाळूंच्या निवडीवरून झालेला वाद त्याच्या साधारण पन्नास वर्षं आधीचा आहे.

1896 च्या सुमारास बाळू मुंबईत आले. इथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा जातीचाच प्रश्न निघाला आणि पुन्हा बोलिंगनेच तो मागे टाकला. बीबीसीआय रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या टीमकडूनही ते खेळू लागले.

मग आलं 1906. बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले आणि बाळूंनी दोन डावांत मिळून 8 विकेट घेतल्या. या विजयानंतर वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती क्रिकेटपेक्षा जातिभेदाची. जो मैदानावर चालतो तो देवळात आणि विहिरीवर का चालत नाही, हा प्रश्न लोक उघडपणे विचारू लागले.

1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताची टीम इंग्लंडला गेली. टीम बहुतेक मॅच हरली. बाळू मात्र तेव्हा 35 वर्षांचे होते आणि त्यांनी सगळ्या मॅच मिळून 114 विकेट काढल्या, सरासरी 18.84. समोर इंग्लंडच्या कौंटी टीम होत्या. व्यावसायिक क्रिकेटमध्ये हा बोलर टिकला असता का, याचं उत्तर या दौऱ्यात मिळालं.

एवढं सगळं सिद्ध झाल्यावर कप्तानी मिळायला हवी होती. बाळू टीममध्ये सगळ्यात अनुभवी होते. पण 1913 मध्ये कप्तान झाले एम. डी. पै. हा मान बाळूंचा होता, असं पै यांनी स्वतः बोलून दाखवलं होतं. 1920 मध्ये बाळूंना टीममधूनच वगळलं आणि कप्तानी दि. ब. देवधरांकडे गेली. तेव्हा भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून माघार घेतली. प्रकरण तापलं, बाळू परत आले आणि त्यांना उपकप्तान केलं गेलं. कप्तानपद अधिकृतपणे त्यांच्याकडे कधीच आलं नाही. 1923 मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू टीमचे कप्तान झाले. तोवर बाळूंचं खेळणं संपलं होतं.

क्रिकेटनंतर ते राजकारणात गेले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसने त्यांना थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना 13,245 मतं मिळाली, बाळूंना 11,225. 4 जुलै 1955 रोजी त्यांचं निधन झालं.

लगान सिनेमातला कचरा पाहून अनेकांना बाळू आठवतात. पण कचराचा बॉल वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. बाळूंचा बॉल वळायचा तो हजारो तासांच्या मेहनतीमुळे, आणि ती मेहनत त्यांनी दुसऱ्यांच्या सरावासाठी केली होती.

त्यांची फर्स्ट क्लास आकडेवारी आहे 33 मॅच, 179 विकेट, सरासरी 15.21. हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नका. ते सुरू होतात 1905-06 च्या मोसमापासून, म्हणजे बाळू तिशीला टेकले होते तेव्हापासून. त्याआधी पूना क्लबच्या नेटमध्ये त्यांनी ज्या विकेट काढल्या, त्या कुठल्याच स्कोअरबुकात नाहीत.