कॅमेऱ्यामागचे आत्जे कॅमेऱ्यापुढे

लग्नाच्या अल्बमात सारे गणगोत असते. नसतो तो फक्त फोटो काढणारा. त्याला आग्रहाने समोर उभे केले तर हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नाही आणि काहीतरी निमित्त काढून तो पुन्हा कॅमेऱ्यामागे जातो. भिंग माणसाचे काय करते हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्यालाच भिंगासमोर बसणे अनेकदा जड जाते. तीस वर्षांहून अधिक काळ जुन्या पॅरिसची छायाचित्रे टिपणारे युजीन आत्जे उतारवयात एका तरुण छायाचित्रकर्तीच्या कॅमेऱ्यापुढे बसले. ४ ऑगस्ट हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांच्या अखेरच्या दिवसांची कथा या प्रसंगाशीच जोडलेली आहे.

आत्जे यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८५७ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील लिबूर्न येथे झाला. बालपणीच आईवडील गेले आणि आजी-आजोबांनी बोर्दो शहरात त्यांना वाढवले. तरुणपणी काही काळ त्यांनी जहाजावर नोकरी केली. पुढे पॅरिसच्या प्रतिष्ठित नाट्यविद्यालयात प्रवेश मिळाला. पण सक्तीच्या लष्करी सेवेमुळे ते शिक्षण अपुरे राहिले. त्यानंतर फिरत्या नाटक मंडळ्यांतून दुय्यम भूमिका करीत त्यांनी काही वर्षे काढली. त्याच काळात भेटलेल्या अभिनेत्री व्हॅलेंतीन त्यांच्या जन्मभराच्या सहचारिणी झाल्या. घशाच्या विकाराने रंगभूमी सुटली. काही दिवस चित्रकला करून पाहिली, पण तीत निभाव लागला नाही. अखेर १८९० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

आपण कलावंत आहोत असा दावा त्यांनी केला नाही. चित्रकारांना उपयोगी पडतील असे दस्तऐवज येथे मिळतील, एवढेच त्यांच्या दारावरची पाटी सांगत असे. जड लाकडी कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा खांद्यावर घेऊन ते बाहेर पडत, अनेकदा भल्या पहाटे. जुने दरवाजे, जिने, वाड्यांची अंगणे, दुकानांच्या पाट्या, फेरीवाले, चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या असे सारे त्यांनी टिपले. प्रकाश घेण्यास वेळ लागे, त्यामुळे मध्येच चालत गेलेला माणूस चित्रात धुरकट छाया होऊन उरे. शहर झपाट्याने बदलत होते. आज टिपलेली भिंत उद्या उभी असेलच, अशी खात्री नव्हती. ग्रंथालये आणि संग्रहालये त्यांच्या प्रती विकत घेत. पहिल्या महायुद्धात व्हॅलेंतीन यांचा मुलगा रणांगणावर पडला. काचा सुरक्षित राहाव्यात म्हणून आत्जे यांनी त्या तळघरात ठेवल्या होत्या. १९२० मध्ये त्यांपैकी २,६२१ काचा त्यांनी फ्रेंच सरकारच्या वास्तुवारसा विभागाला १० हजार फ्रँकना विकल्या.

या अफाट संग्रहात आत्जे स्वतः क्वचितच दिसतात, आणि दिसतात तेही ओझरते. १९०८ मध्ये टिपलेल्या एका मद्यगृहाच्या दाराच्या काचेत आतून पाहणारे चेहरे आहेत आणि त्याच काचेत तिवईवरच्या कॅमेऱ्याचे प्रतिबिंबही आहे. एकेकाळी प्रेक्षकांच्या नजरा झेलत पोट भरणारा हा नट नंतर मात्र काळ्या कापडाआड राहिला.

नावाच्या बाबतीतही त्यांचे धोरण असेच होते. त्यांच्याच रस्त्यावर राहणारे अमेरिकन कलावंत मॅन रे यांनी त्यांची काही छायाचित्रे विकत घेतली आणि १९२६ मध्ये ती अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात छापली गेली. आपले नाव देऊ नये, एवढीच अट आत्जे यांनी घातली.

मॅन रे यांच्या स्टुडिओत तेव्हा बेरेनिस ॲबट ही अमेरिकन तरुणी मदतनीस होती. आत्जे यांची छायाचित्रे पाहून ती भारावली, त्यांच्या घरी जाऊ लागली आणि जमेल तशा प्रती विकत घेऊ लागली. १९२६ मध्ये तिने स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्याच वर्षी व्हॅलेंतीन वारल्या आणि आत्जे एकाकी झाले. १९२७ मध्ये ॲबट यांच्या विनंतीवरून ते त्यांच्या स्टुडिओत आले.

ठिगळे लावलेल्या कामाच्या कपड्यांतले आत्जे ॲबट यांच्या ओळखीचे होते. त्या दिवशी मात्र ते चांगला ओव्हरकोट घालून आले. जुन्या वेशातलेही एक छायाचित्र घ्यायला हवे होते, ही रुखरुख ॲबट यांना पुढे लागून राहिली. त्या चित्रांत थकलेला, किंचित वाकलेला म्हातारा दिसतो. कोटामागे संकोच होता की अभिमान, हे चित्र सांगत नाही. मात्र रोजच्या कपड्यांत जगासमोर जायचे नाही, एवढे त्यांनी ठरवलेले दिसते. आयुष्यभर दुसऱ्यांची घरे जशी आहेत तशी दाखवणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी तेवढी मुभा घेतली.

प्रती तयार झाल्यावर ॲबट त्या दाखवायला निघाल्या. जिना चढून वर गेल्या तर दारावरची पाटी नव्हती. चौकशी केल्यावर कळले की आत्जे वारले होते. स्वतःचे हे रूप त्यांनी कधी पाहिलेच नाही.

ॲबट एवढ्यावर थांबल्या नाहीत. आत्जे यांचे मित्र आंद्रे काल्मेत यांना गाठून १९२८ मध्ये त्यांनी उरलेल्या हजाराहून अधिक काचा आणि हजारो प्रती मिळवल्या, त्या न्यूयॉर्कला नेल्या आणि चाळीस वर्षे सांभाळल्या. १९६८ मध्ये तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयाने हा ठेवा घेतला. नाव छापू नका म्हणणाऱ्या माणसाचे नाव आज छायाचित्रणाच्या इतिहासात अग्रभागी आहे आणि त्या नावाला चेहरा मिळाला तो ॲबट यांनी वेळेवर आग्रह धरला म्हणून.

आपल्या घरातही सर्वांचे फोटो काढणारा एक जण असतो. कधीतरी त्याच्या हातातला फोन आपण घ्यावा. तो नको म्हणेल, केस नीट करील, शर्ट बदलून येतो म्हणेल. त्याला बदलू द्यावा. पण फोटो त्याच दिवशी काढावा आणि त्याच दिवशी त्याला दाखवावा.