साध्या माणसांचे चित्रकार : कै. रावबहादूर धुरंधर

आपल्या पाठारे प्रभू ज्ञातीतील थोर चित्रकार कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचे नाव निघताच देवादिकांची त्यांची रंगीत चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु आमच्या मते त्यांची खरी थोरवी साध्यासुध्या स्त्रीपुरुषांच्या चित्रांत आहे.

त्यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना लाभले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १९३१ साली ते सेवानिवृत्त झाले. ह्या प्रदीर्घ काळाची हकीकत त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ ह्या आत्मवृत्तात सांगितली आहे.

शाळेतील अध्यापन सांभाळून त्यांची लेखणी व कुंचला अखंड चालू असे. एडवर्ड्स ह्यांच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी १९१२ साली त्यांनी रेखाटने केली. किंकेड ह्यांनी इंग्रजीत नेलेल्या आपल्या श्रावणातील कहाण्यांना १९१४ साली त्यांनीच चित्ररूप दिले. १९२० साली रॉथफील्ड ह्यांच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथासाठी त्यांनी नाना प्रांतांच्या व नाना जातींच्या स्त्रिया जलरंगांत रंगविल्या.

हे तिन्ही ग्रंथकार इंग्रज अंमलदार होते आणि त्यांचा वाचकही मुख्यतः इंग्रजच. अशा ग्रंथांत माणसाला संग्रहालयातील नमुन्याची कळा येण्याचे भय फार. धुरंधरांच्या हातून मात्र तसे घडले नाही. लुगड्याचा काष्टा, अंगावरील दागिना, उभे राहण्याची ढब हे सारे ते बारकाईने टिपीत. पण त्या तपशिलामागील माणूस त्यांनी कधी हरवू दिला नाही. श्रीमंताघरची स्त्री असो वा कष्टकरी कोळीण, दोघींना त्यांनी सारखाच मान दिला.

१९४४ साली ते निवर्तले. त्यांच्या कन्या कै. अंबिकाबाई स्वतः नामांकित चित्रकार होत्या. पित्याच्या कृतींचा ठेवा त्यांनी निष्ठेने जपला. तोच वसा आता आपण घ्यावयाचा आहे. ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या पेट्यांत त्यांचे एखादे रेखाटन वा छापील चित्रपत्र पडून असेल, तर ते कसरीच्या मुखी जाऊ देऊ नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे. त्या कागदावर आपल्याच पूर्वजांचे चालणेबोलणे उमटलेले आहे.