ओबडधोबड घरातील बंधू

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आपल्या काही मंदिरांत हिरव्या पाल्याचे चक्र मांडून त्यावरची एक मेणबत्ती पेटवितात. पुढच्या रविवारी दोन, असे करीत नाताळापर्यंत चारही पेटतात. ही रीत कोठून आली, असे शब्बाथशाळेतील एखाद्या मुलाने विचारले तर शिक्षकाला योहान हिन्‌रिख विखर्न यांचे नाव सांगावे लागेल. मेणबत्त्या ही मात्र त्यांच्या आयुष्यातील एक लहानशी गोष्ट. मोठी गोष्ट ही की, हातावर पोट असलेल्या साध्या कारागीर तरुणांना त्यांनी मंडळीच्या सेवेसाठी घडविले, आणि तेही अनाथ व वाट चुकलेल्या मुलांच्या संगतीत ठेवून.

विखर्न यांचा जन्म २१ एप्रिल १८०८ रोजी जर्मनीतील हाम्बुर्ग या बंदराच्या शहरात झाला. ते पंधरा वर्षांचे असताना वडील वारले. भावंडांत ते थोरले. त्यामुळे शिकवण्या करून घराला हातभार लावणे आणि स्वतःचे शिक्षण चालू ठेवणे ही दोन्ही ओझी त्यांच्यावर पडली. पुढे हितचिंतकांच्या मदतीने गटिंगन व बर्लिन येथे त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला आणि १८३२ साली परीक्षा देऊन ते गावी परतले. पाळकपदाची जागा लगेच मिळाली नाही. मिळाली ती सेंट गेओर्ग या गरीब उपनगरातील शब्बाथशाळा.

आमच्या मते, येथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. रविवारी वर्गात येणारे मूल उरलेले सहा दिवस कोठे असते, हे पाहण्यासाठी ते व त्यांचे सोबती घरोघर फिरू लागले. ओल धरलेल्या अंधाऱ्या खोल्यांत गर्दीने राहणारी कुटुंबे, दारू, उपासमार, भीक मागायला पाठविलेली मुले, हे सगळे त्यांनी पाहिले व वहीत टिपून ठेवले. आठवड्यातून दोन तासांचा धडा अशा मुलाला पुरणार नाही, त्याला घरच द्यावे लागेल, असे त्यांच्या मनाने घेतले. याच शब्बाथशाळेत आमांडा ब्योमे नावाची तरुणी शिकवीत असे. १८३५ साली त्या दोघांचा विवाह झाला.

हाम्बुर्गजवळच्या होर्न या खेड्यात कार्ल सीव्हकिंग या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या जमिनीवरचे गवती छपराचे एक जुने घर देऊ केले. लोक त्याला ‘राऊएस हाऊस’ म्हणत. शब्दशः अर्थ घ्यायचा तर ओबडधोबड घर. १८३३ च्या शरद ऋतूत विखर्न आईला घेऊन तेथे राहायला गेले, आणि वर्ष संपेपर्यंत बारा मुलगे आले. त्यांपैकी काहींची नावे पोलिसांच्या दप्तरी लागलेली होती. येथे दाराला कुलूप नव्हते, कुंपणाला भिंत नव्हती. आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगण्यात येई की मागचे सारे क्षमा झाले आहे, व त्याविषयी कोणी विचारणार नाही. कोणी पळून जात, त्यांना शोधून परत आणावे लागे.

मुले वाढली तेव्हा विखर्न यांनी मोठी बराक बांधली नाही. सुमारे बारा मुलांचे एक कुटुंब, त्याला वेगळे लहान घर, आणि त्या घरात मुलांबरोबर जेवणारा, काम करणारा व झोपणारा एक तरुण, अशी त्यांची योजना होती. १८३५ पासून मुलींचीही कुटुंबे झाली. मुलांबरोबर राहणाऱ्या या तरुणांना आधी साहाय्यक म्हणत, पुढे ‘बंधू’ हे नाव पडले. ते बहुधा शिंपी, चांभार, सुतार, बेकरीवाले असे अविवाहित कारागीर असत. ते दिवसा मुलांना आपला धंदा शिकवीत आणि स्वतः पवित्र शास्त्र, मंडळीचा इतिहास, अध्यापन व गायन शिकत. आपल्या घरातील प्रत्येक मुलाविषयी त्यांना नियमितपणे वृत्तांत द्यावा लागे. हे सोपे नव्हते. जो मुलगा चोरी करून खोटे बोलतो त्याच्याच शेजारी रात्री झोपायचे, आणि सकाळी त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसायचे! प्रार्थना व सेवा यांचे असे एकत्र शिक्षण देणारी शाळा त्या काळी क्वचितच असेल. काही वर्षांनी येथून निघालेले बंधू अनाथगृहांत, प्रवासी कारागिरांच्या वसतिगृहांत व तुरुंगांत काम करू लागले.

मेणबत्त्यांची गोष्ट १८३९ सालची. नाताळ कधी येणार, हा मुलांचा रोजचा प्रश्न. म्हणून विखर्न यांनी लाकडी चक्रावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक अधिक पेटे आणि मुले मोजीत. पाल्याची सजावट मागाहून आली.

१८४८ च्या आरंभी वरच्या सायलेशियात दुष्काळ व टायफस ज्वराने हाहाकार उडविला. विखर्न बंधूंना घेऊन तेथील अनाथ मुलांसाठी धावले. त्याच वर्षी सप्टेंबरात विटेनबर्ग येथे, लूथर यांची कबर असलेल्या मंदिरात, प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांची परिषद भरली होती. २२ तारखेला विखर्न यांनी पूर्वतयारीचा कागद हाती न घेता दीर्घ भाषण केले, आणि प्रीतीची सेवा हे विश्वासाइतकेच मंडळीचे काम आहे असे तिला बजाविले. त्यातूनच देशांतर्गत मिशनची मध्यवर्ती समिती उभी राहिली.

पुढचा भाग सांगताना मन थोडे अडखळते. १८५७ साली विखर्न प्रशियाच्या सरकारी नोकरीत शिरले व तुरुंगसुधारणेचे काम पाहू लागले. त्याआधीच, १८५६ साली, बर्लिनच्या मोआबित तुरुंगात त्यांचे बंधू पहारेकरी म्हणून नेमले गेले होते. कैद्याला वाईट संगतीपासून तोडले तर त्याला पश्चात्तापाची वाट सापडेल, अशा समजुतीने विखर्न एकांत कोठडीचे पुरस्कर्ते झाले होते. ज्यांनी मुलांच्या घराला कुलूप लावले नाही, त्यांनीच हे करावे याचे नवल वाटते. सरकारी नोकरीत हा धार्मिक संघ कशाला, असा सवाल विरोधकांनी केला, वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातून टीका झाली, आणि बंधूंना तुरुंगाचे काम देण्याची ती योजना पुढे टिकली नाही. दारिद्र्याचे मूळ ते मुख्यतः अविश्वासात पाहत. कारखान्यांतील मजुरी व कामाचे तास यांविषयी त्यांनी त्या मानाने थोडेच म्हटले. हाही आक्षेप खोटा म्हणता येत नाही. तथापि मुलाला घर हवे, हे त्यांनी जे हाम्बुर्गच्या गल्ल्यांत ओळखले, ते आजही कोणी खोडून काढलेले नाही.

१८६६ पासून पक्षाघाताच्या झटक्यांनी त्यांची शक्ती खचत गेली. १८७३ साली त्यांचा मुलगा योहानेस याने घराचा कारभार हाती घेतला. अनेक वर्षे आजारात काढून ७ एप्रिल १८८१ रोजी विखर्न हाम्बुर्ग येथे प्रभूमध्ये निजले.

१९४३ च्या बॉम्बवर्षावात राऊएस हाऊसच्या बहुतेक इमारती जळाल्या. जुने घर पुन्हा पूर्वीच्याच धर्तीवर बांधले गेले. तेथे आज मुले, वृद्ध व अपंग यांची सेवा चालते, त्या सेवेसाठी तरुणांना शिक्षणही मिळते, आणि बंधूंच्या संघात आता भगिनीही आहेत.