बहिणाबाई चौधरी : श्रमाच्या लयीतील काव्यसाधना

विद्यार्थी मित्रहो, नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून आपण हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. लेखनाची ओढ आहे, पण वेळ मिळत नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना येत असेल. त्या दृष्टीने बहिणाबाईंचे चरित्र पाहावे.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे येथे महाजन कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तिशीतच वैधव्य आले आणि शेती, घर व तीन मुले यांचा भार त्यांच्यावर पडला. त्यांना लिहितावाचता येत नव्हते.

मग काव्यरचना केव्हा होत असे? दळताना, कांडताना, शेतात राबताना. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जात्याच्या फेऱ्याला स्वतःची लय असते. हात गुंतलेले असतात, परंतु मन आणि वाणी मोकळी असतात. त्या लयीवर ओवी म्हणण्याची परंपरा स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. बहिणाबाईंनी तिच्यात स्वतःचा अनुभव ओतला. पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, माणसाचे मन असे विषय लेवा बोलीत साकार झाले. काव्यासाठी वेगळा वेळ त्यांना कधी लाभला नाही. न टळणाऱ्या कामालाच त्यांनी काव्याची जोड दिली.

मात्र या कष्टांचे उदात्तीकरण करू नये. मुखावाटे आलेले बरेचसे काव्य हवेत विरले. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी जे टिपून ठेवले, तेच उरले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला; स्वतःचे पुस्तक त्यांना पाहता आले नाही.

या चरित्रातून आपल्यासाठी दोन बोध निघतात. कलेचा सराव मोकळ्या वेळेच्या भरवशावर न सोडता रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाशी जोडावा. आणि सुचलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे. अक्षरओळखीचे जे साधन बहिणाबाईंजवळ नव्हते, ते आपल्या हाती आहे.

स्वाध्याय : आपल्या दिनक्रमातील असे एक काम निवडा, की ज्यात हात गुंतलेले पण मन मोकळे असते. आठवडाभर त्या वेळी सुचलेले रोज चार ओळींत नोंदवा.