मातीचे ऋण जाणणारा वैज्ञानिक

इंदूरचे कृषी महाविद्यालय आज जेथे उभे आहे, त्याच परिसरात शंभर वर्षांपूर्वी शेण आणि काडीकचरा यांतून शेतीचा एक नवा विचार आकाराला आला. त्याचे प्रवर्तक होते सर अल्बर्ट हॉवर्ड.

८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात, शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये शिक्षण घेऊन ते १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत रुजू झाले. पत्नी गॅब्रिएल याही नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. उभयतांनी गव्हाचे सरस वाण सिद्ध केले. परंतु माती उपाशी असेल तर उत्तम वाणही हरते, हे हॉवर्ड यांना उमगले. पीक, माती आणि जनावर यांचा एकत्रित अभ्यास करण्यासाठी १९२४ मध्ये त्यांनी इंदूरला संस्था उभारली. जमीन होळकर दरबाराने दिली.

शेणाच्या गोवऱ्या होऊन त्या चुलीत जात आणि शेत रिते राही. त्यावर उपाय म्हणून हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचले. पाणी व हवा यांचा मेळ राखत आणि ढीग उलथत सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध होई. १९३१ मध्ये दोघांनी ही पद्धत ग्रंथरूपाने मांडली आणि इंदूरचे नाव जगभरच्या मळ्यांत पोहोचले.

१९३० मध्ये गॅब्रिएल यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी भारत सोडला. १९४० च्या ग्रंथात त्यांनी कुरणांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले.  कसदार मातीतल्या पिकाला रोग शिवत नाही, हा त्यांचा आग्रह मात्र अतिरेकी ठरला. अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ते मागे हटले नाहीत. २० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

मातीतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा सुमारे निम्मा भाग कर्ब असतो. हवेतला कर्ब जमिनीत साठविण्यासाठी आज कुरणांना आलटूनपालटून विश्रांती देण्याचा विचार होतो. आपली उघडीबोडकी गायराने पाहताना, जमिनीकडून घेतलेले तिला परत करावे, हा हॉवर्ड यांचा साधा हिशेब आपण अजून पुरता केलेला नाही, हे जाणवते.