बालकांच्या अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



पालघर-बोईसरहून गाडीने उत्तरेकडे निघालात, की डहाणूच्या पुढचे स्टेशन घोलवड. तेथून जवळच समुद्रकाठी बोर्डी आणि टेकडीवर कोसबाड. आपल्याच जिल्ह्यातील या दोन गावांत लहान मुलांसाठी एक मोठे कार्य उभे राहिले. ते उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांची ओळख आपणा सर्वांना असावी, म्हणून हा अल्प परिचय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. मुली क्वचितच कॉलेजात जात त्या काळात त्या १९१४ साली बी. ए. झाल्या. संसारसुख मात्र फार काळ लाभले नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा पदरी लहान मुलगी होती. राजकोटला नोकरी करीत त्यांनी तिचा सांभाळ केला. मुलाला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे घरातच उभा होता. त्याचे उत्तर शोधीत त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. तेही स्वतःच्या मुलाच्या संगोपनाचा विचार करता करता या कामाकडे वळले होते.

१९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. संघाची 'शिक्षणपत्रिका' शिक्षकांप्रमाणे पालकांसाठीही होती. मार, धाक आणि लालूच यांनी मूल घडत नाही, विश्वासाने घडते, हा तिचा सांगावा होता. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

शहरातील हे शिक्षण गरिबाच्या झोपडीपर्यंत गेले पाहिजे, या तळमळीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतील मुले येईनात. आईबाप मजुरीला जात आणि थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राही. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. झाडाखाली, घरापुढच्या अंगणात, शंख-शिंपले, बिया आणि खडे घेऊन खेळ सुरू झाला. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हेही तेथेच होई, आणि आया ते पाहत. हीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून त्यांनी विकासवाडी उभी केली. तान्हे भावंड पाळणाघरात सुखरूप ठेवून थोरली बहीण वर्गात बसू लागली.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्याच सुमारास अमेरिकेत सेल्मा फ्रायबर्ग या मनोविश्लेषक बाईंनी अडचणीतील मातांच्या घरी जाऊन, आई आणि बाळ यांचे नाते सावरण्याचे उपचार सुरू केले होते. घराच्या उंबरठ्याशी गेल्याशिवाय बालकाचे हित साधत नाही, हे आपल्या बोर्डीने त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते.

पालकहो, आईची मांडी हा पहिला मदरसा, असे आपण नेहमी म्हणतो. मग त्या मदरशासाठी आपण वेळ किती देतो? तारापूरच्या कारखान्यातून पाळी संपवून येणारे अब्बा थकलेले असतात, अम्मी कामात असते, आणि रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाईल दिला जातो. बाळाला हवी असते आपली नजर, आपला आवाज, आपला स्पर्श. रोज अर्धा तास त्याला जवळ घेऊन बोला, त्याच्या बोबड्या बोलांना उत्तर द्या. चूक झाली तर हात उगारू नका. यास फी लागत नाही. पुढे शाळेने जी इमारत बांधायची, तिचा पाया याच वर्षांत आपल्या घरी घातला जातो.