ह्यू व्हिक्टर मॅके

ह्यू व्हिक्टर मॅके (जन्म : २१ ऑगस्ट १८६५, रेवुड, व्हिक्टोरिया, मृत्यू : २१ मे १९२६, सनबरी, व्हिक्टोरिया) हे ऑस्ट्रेलियातील कृषियंत्रांचे निर्माते व उद्योजक होते. त्यांचे ‘सनशाइन’ हार्वेस्टर हे कापणी-मळणी यंत्र गव्हाच्या शेतीत विशेष प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील कामगारांच्या मूळ वेतनाच्या इतिहासातही त्यांचे नाव येते, मात्र ते विरोधी पक्षकार म्हणून.

पूर्वायुष्य

मॅके यांचे आईवडील आयर्लंडमधून व्हिक्टोरियात आले होते. हे कुटुंब ड्रमार्टिन येथे शेती करीत असे. ह्यू यांना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. शेतीकाम आणि अवजारांची दुरुस्ती यांतूनच त्यांना यंत्रांचे ज्ञान झाले.

पहिले यंत्र

त्या काळी ‘स्ट्रिपर’ हे यंत्र प्रचारात होते. ते उभ्या पिकाची कणसे फणीने ओरबाडून मळत असे. परंतु दाणे आणि भुसा एकत्रच राहत. तो ढीग नंतर वेगळ्या यंत्रात घालून पाखडावा लागे. ओरबाडणे, मळणे आणि पाखडणे या तिन्ही क्रिया एकाच फेरीत व्हाव्यात, असा मॅके यांचा प्रयत्न होता. वडील व भावाच्या मदतीने त्यांनी शेतावरच, जुन्या अवजारांचे सुटे भाग जुळवून १८८४ च्या सुमारास नमुना यंत्र तयार केले आणि १८८५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. असे यंत्र बनविणारे ते एकटे नव्हते. जेम्स मॉरो यांचे यंत्र त्याआधीच तयार झाले होते. त्यामुळे मॅके यांना आद्य संशोधक म्हणण्यापेक्षा यशस्वी उत्पादक म्हणणे अधिक यथार्थ ठरते.

कारखाना

बॅलरॅट येथे १८८८ मध्ये स्थापन झालेली त्यांची कंपनी पुढील दशकाच्या आर्थिक मंदीत बुडाली. मॅके यांनी व्यवसाय पुन्हा उभा केला आणि सुधारित यंत्राला ‘सनशाइन’ हे नाव दिले. पुढे कारखाना मेलबर्नजवळील ब्रेब्रुक जंक्शन येथे हलविण्यात आला. १९०७ मध्ये त्या गावालाच सनशाइन हे नाव मिळाले. हेडली टेलर या शेतकऱ्याने लोळलेले पीकही कापू शकणारे ‘हेडर’ यंत्र तयार केले होते. मॅके यांनी त्याचे हक्क विकत घेऊन टेलर यांना कारखान्यात काम दिले. १९२४ मध्ये स्वयंचलित ‘ऑटो हेडर’ तयार झाले.

हार्वेस्टर निवाडा

कामगारांना योग्य व वाजवी वेतन देणाऱ्या स्थानिक उत्पादकांना १९०६ च्या कायद्याने उत्पादन शुल्कात सूट दिली होती. मॅके यांनी सूट मागितली. न्यायमूर्ती हेन्री हिगिन्स यांनी नोव्हेंबर १९०७ मध्ये ती नाकारली आणि अकुशल कामगारासही कुटुंबाच्या निर्वाहापुरते, म्हणजे दररोज ७ शिलिंग, वेतन मिळावे असे ठरविले. १९०८ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविल्याने मॅके यांच्यावरील शुल्क टळले. तथापि हिगिन्स यांचे तत्त्व पुढे देशाच्या वेतननीतीचा पाया बनले. कामगार संघटनेशी मॅके यांचा संघर्ष १९११ मध्येही झाला.

यंत्रांची निगा आणि सुटे भाग

गहू पक्व झाल्यावर कापणीस थोडेच दिवस मिळतात. यंत्र बंद पडल्यास दाणे झडून हंगाम वाया जातो. फणीची टोके, साखळ्या, बेअरिंग आणि चाळण्या यांची सतत झीज होत असल्याने कंपनी सुट्या भागांच्या याद्या व माहितीपुस्तिका काढत असे. १९३० मध्ये कंपनीची मॅसी-हॅरिसशी भागीदारी झाली आणि १९५० च्या दशकात ती त्या समूहात पूर्णतः विलीन झाली. कारखान्यातून जुने भाग मिळेनासे झाल्यावर जुनी यंत्रे जपणाऱ्यांना निकामी यंत्रांतील भाग काढून वापरावे लागतात, किंवा मूळ तुकड्यावरून साचा करून नवा भाग ओतून घ्यावा लागतो. लाकडी भाग सुताराकडून करून घेता येतात. तडा गेलेले बिडाचे भाग सांधणे मात्र अवघड असते. कंपनीच्या छापील याद्या आणि पुस्तिका म्हणूनच आजही उपयोगी पडतात. म्युझियम्स व्हिक्टोरिया या संस्थेने कंपनीची कागदपत्रे व छायाचित्रे जतन केली आहेत.

मृत्यू

मॅके यांचे सनबरी येथील रूपर्ट्सवूड या निवासस्थानी निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार धर्मादाय न्यास स्थापन करण्यात आला. सनशाइन येथील उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.